चिकटवलेली पानं

"यात कुणी मरतं का?" आजींनी काउंटरवरचं पुस्तक बोटाने ढकलत विचारलं.

वाचनालयाच्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "रहस्यकथा आहे, आजी. कुणी मेल्याशिवाय शोधायचं काय?"

"कात्री शोधावी. आमच्या घरी रोज शोधतात, त्यासाठी कुणाला मारावं लागत नाही."

नात पंधरा वर्षांची. ती शाळेच्या सहलीला गेली आणि इकडे तिचा बाप गेला. ती परत येईपर्यंत सगळं उरकलं होतं. आजींनी पोटच्या पोराचा फोटो स्वतःच्या हाताने कपाटात ठेवला आणि घरात बजावलं, त्याचं नाव काढायचं नाही, पोरीच्या जखमेवर मीठ नको. पोरीने सगळ्यांच्या वरताण केली. तिने बोलणंच सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचनाची आवड होती ना, पुस्तकं द्या.

"मग ही साहसकथा न्या, चार मुलं डोंगरावर जातात. ही भुताची, या वयात घाबरायला फार आवडतं. आणि ही प्रेमाची, पण समजूतदार आहे," बाई म्हणाल्या.

"समजूतदार प्रेम मी अजून पाहिलं नाही. द्या सगळी."

आजींना अक्षरं लावत वाचावं लागे, म्हणून स्वयंपाकघरात सून, म्हणजे पोरीची आई, वाचू लागली आणि आजी पिठाची खळ घेऊन शेजारी बसल्या. मरण आलं की पानाला पान चिकटवायचं. फाडायचं नाही, पुस्तक परक्याचं.

रहस्यकथेतला खून सुरुवातीलाच निघाला. चिकटवला.

"आई, आता पोलीस ज्याला त्याला विचारतोय, काल संध्याकाळी कुठे होतात. पण कशासाठी ते कळत नाही."

"पोलिसांना कुठे कळतं? चालू दे."

साहसकथेत सून अडखळली. "वर चौघं गेली, खाली तिघंच आली."

"चौथा येत असेल मागून. पुढे वाच."

प्रेमकथेत आधी नायिकेचे आजोबा गेले, मग पोपट.

"पोपटसुद्धा?" सुनेने विचारलं.

"पोपटसुद्धा. सवलत द्यायची नाही."

भुताच्या पुस्तकाने मात्र घात केला. भूत आधीच मेलेलं, आणि पानोपानी तेच. खळ संपली तेव्हा पुस्तकाची वीट झाली होती.

नातीने साहसकथा मुकाट्याने वाचून शाळेच्या वाटेवर परत केली. ती दुसऱ्या एका मुलीने नेली, आणि चौथ्याचं काय झालं म्हणून तिने वाचनालयात रडून गोंधळ घातला. बाई पुस्तक घेऊन तडक दारात हजर.

"हे काय केलंत, आजी?"

"तुमच्या पुस्तकात नको ते होतं. झाकलं. उपकार माना."

"अहो, मुलांना मरण माहीत असतं."

"तुमच्या घरात झालंय का एवढ्यात? मग शिकवू नका."

तेवढ्यात आतल्या खोलीतून नात आली. तिने रहस्यकथा आजींपुढे ठेवली. आवाज निघाला तो गंजलेल्या कडीसारखा.

"कोण मेलं?"

सुनेने तोंडाला पदर लावला. आजी म्हणाल्या, "कुणी नाही, बाळा."

"तो पोलीस पुस्तकभर फिरतोय. कुणी मेलंच नसेल तर तो वेडा आहे." ती थांबली. "या घरात कुणी मेलंच नसेल तर मी पण वेडी आहे."

आजी उठल्या, शेगडीवर किटली ठेवली आणि वाफ आल्यावर पुस्तक तिच्यावर धरलं. हात भाजला तरी काढला नाही. बाईंनी सुरीच्या टोकाने पानं सोडवली. अर्धी अक्षरं खळीबरोबर निघून गेली.

"घड्याळं दुरुस्त करणारा," सून वाचू लागली. "सकाळी... दुकानात... पुढचं पुसलंय."

"कसा गेला?" नातीने विचारलं. ती पुस्तकाकडे बघत नव्हती.

"सकाळी चहा घेतला त्याने," आजी म्हणाल्या. "म्हणाला, आई, साखर कमी पडली. मी म्हटलं, हात मोडलेत का तुझे, उठून घे."

हे पुस्तकात नव्हतं. सुनेने पुस्तक मिटलं. वाचनालयाच्या बाईंनी शेगडी बंद केली आणि कुणी न सांगता खाली बसल्या.

"मग?" नात म्हणाली.

"मग उठला," आजी म्हणाल्या, आणि पुढचं सांगू लागल्या.