देवीच्या स्वारीत मोटारीचे पाणी आटले त्याची हकीकत

श्रीदेवी आपल्या ठायी स्वस्थ असो, वाहते पाणी वाहते राहो आणि ऐकणाराचे चित्त थाऱ्यावर असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र वद्य सप्तमी, ते दिवशी देवीचा रुप्याचा मुखवटा शहरातून डोंगरापलीकडील राउळी नेत असता भर घाटात मोटारीचे पाणी आटले आणि धाकट्या पातीचा मान राहतो की जातो ऐसा प्रसंग गुदरला, त्याचा मजकूर येणेप्रमाणे.

त्या मुलखात देवीच्या मानाच्या दोन पाती, म्हणजे घराण्याच्या शाखा, थोरली आणि धाकटी. मुखवटा वर्षभर शहरात कडीकुलपात असावा आणि जत्रेचे दिवशी मानकऱ्यांनी तो आणावा, मग पालखी उठावी, ऐसा शिरस्ता. शिरस्त्याची कलमे तीन. मुखवटा एकदा वाहनात बसला की वाहन बदलू नये. मध्यान्हीचा नगारा होण्यापूर्वी तो राउळी पोहोचावा. आणि घरची सून तो मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसेल, तिने पोहोचेतोवर तोंडातून शब्द काढू नये. तिहींतून एक मोडले की मान दुसऱ्या पातीकडे गेला म्हणून समजावे. एके वर्षी थोरल्या पातीची मध्यान्ह टळली, तेव्हापासून बावीस वर्षे मान धाकटीकडे होता आणि थोरलीचे लोक दर जत्रेस घड्याळ हातात धरून राउळाचे पायरीवर बसत होते.

धाकट्या पातीचे मुख्य आबासाहेब, वय सत्त्याहत्तर, बोलणे अखंड. त्यांचे चिरंजीव हैबतराव, मोटार हाकण्यात आपल्यासारखा कोणी नाही ऐसा त्यांचा पक्का समज. आणि हैबतरावांच्या कुटुंब इंदुमतीबाई, ज्यांच्या मांडीवर मुखवटा बसावयाचा. बाईंचे वडील तीस वर्षे मालमोटारी दुरुस्त करीत होते आणि बाई लहानपणी त्यांचेपाशी बसून पाने-पकडी देत, पाइप धरीत, आणि इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे ओळखीत. परंतु सासरी येऊन सोळा वर्षे जाहली, मोटारीविषयी त्यांस कोणी काही विचारिले नव्हते. त्यांनी आपण होऊन दोन वेळा विचारिले होते, की सकाळी गाडीखाली ओल कशाची दिसते. आबासाहेब बोलिले, "तुळशीचं पाणी वाहत येतं गं." हैबतराव बोलिले, "एसीचं पाणी असतं ते. तुला नाही कळायचं." मग बाईंनी विचारणे सोडिले.

खरी गोष्ट निराळीच होती. दोन महिन्यांपूर्वी आबासाहेबांनी कोणास न सांगता मोटार बाजारात नेली आणि परत येताना फाटकाच्या खांबास नाक लाविले. वरून पोचा किरकोळ, परंतु आत गरम पाण्याच्या रबरी पाइपाचे तोंड आवळण्याच्या पट्टीपाशी चिरले आणि पाणी झिरपू लागले. आबासाहेबांस इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याची टाकी उतरलेली दिसली तेव्हा त्यांनी रोज पहाटे तुळशीस घालून उरलेले तांब्याभर पाणी गुपचूप टाकीत ओतावयास आरंभ केला. इकडे हैबतरावांसही टाकी कमी दिसली. ते आपल्या चालविण्यावर येईल या भयाने तेही रोज संध्याकाळी बाटलीभर पाणी गुपचूप ओतू लागले. ऐसा बाप पहाटे ओततो, लेक संध्याकाळी ओततो, याचे त्यास ठाऊक नाही, त्याचे यास ठाऊक नाही, आणि टाकी सदा भरलेली, म्हणून इशाऱ्याचा दिवा दोन महिने एकदाही पेटला नाही. जत्रेच्या आदले दिवशी मात्र दोघांनी सोवळे धरिले. सोवळ्यात इंजिनास कोण हात लावितो! दोन पहाटा आणि एक संध्याकाळ टाकीत थेंब पडला नाही.

मग सप्तमीस सकाळी पुढील बैठकीवर बाईंच्या मांडीवर मुखवटा बसला, बाईंचे मौन सुरू जाहले, आबासाहेब मागील बैठकीवर पूजेच्या टोपलीसह स्थानापन्न जाहले आणि हैबतरावांनी कूच केले. शहर सुटले, माळ सुटला आणि घाटाचे पायथ्याशी येतात तोच हैबतरावांचे पुढ्यात लाल दिवा लागला, टाकीचे चित्र आणि खाली लाटा, म्हणजे थंड राखणारे पाणी कमी जाहले ऐसा इशारा. हैबतरावांनी तो पाहिला आणि पाहिला न पाहिलासा केला. परंतु बाईंनीही पाहिला आणि त्यांस त्याचा अर्थ ठाऊक होता. हात दोन्ही गुंतलेले, तोंड बंद. मग त्यांनी डोळे वटारिले, भुवया उडविल्या, मान दिव्याकडे झोकिली. हैबतराव बोलिले, "काय गं, ऊन लागतंय का?" आणि काचेवरील पडदी खाली ओढिली. बाईंनी पुन्हा मान झोकिली. हैबतराव बोलिले, "चहा पुढं घेऊ. आत्ता वेळ नाही." मागून आबासाहेब बोलिले, "तिला गाणं लावायचं असेल, देवीचं लाव." आणि देवीचे गाणे सुरू जाहले आणि दिवा तसाच जळत राहिला. बाईंस मनातून ऐसा संताप आला की मुखवट्याचे रुपे तापावे.

मग तिसरे वळणावर उष्णतेचा काटा वर सरकला, पाचवे वळणावर तो लाल पट्टीत शिरला, आणि सातवे वळणी पुढील झाकणातून पांढरी वाफ निघोन काच धुरकट जाहली. हैबतरावांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी मोटार कडेस घेऊन बंद केली, बाटली घेतली, उपरणे हातास गुंडाळिले आणि झाकण वर करून पाण्याच्या टाकीचे टोपण फिरवावयास वाकले. साडेनऊ वाजून गेले होते, घाई होती, आणि घाईत माणसास आपल्या तोंडापुढे काय आहे ते दिसत नाही.

बाईंस दिसत होते. लहानपणी वडिलांच्या दुकानी एक क्लीनर असाच वाकला होता आणि त्याचा चेहरा पुढे कधी पहिल्यासारखा जाहला नाही, ते त्यांनी पाहिले होते. बावीस वर्षांचा मान एकीकडे आणि नवऱ्याचे तोंड एकीकडे, ऐसा तो क्षण. बाईंनी विचार केला म्हणावे तर केला नाही.

"हात लावू नका! भाजाल!"

ऐसी हाक, की समोरील झाडावरील माकडे उठोन गेली. हैबतराव जागीच थिजले. त्याच वेळी टाकीचे टोपण जरा सैल जाहले होते तिथून उकळत्या पाण्याची पिचकारी उडाली आणि त्यांचे कानाजवळून गेली. उपरण्याची कड भिजली, कातडीस काही जाहले नाही. हैबतराव रस्त्यावर खाली बसले. बाईंस रडू कोसळले, आणि आधी सुटकेचे कोसळले, मान मोडल्याचे ध्यान मागाहून आले.

मग आबासाहेब खाली उतरले. त्यांनी लेकाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले. मग बोलिले, "सूनबाई, मुखवटा माझ्या मांडीवर दे. तिसरं कलम तर मोडलंच. वाहन बदलत नाही, मांडी बदलते. तू गाडी बघ." आणि मागील बैठकीवर परत बसोन मुखवटा मांडीवर घेताच आबासाहेबांनी आपण होऊन मौन धरिले. उभ्या हयातीत ते प्रथमच गप्प बसले आणि तेव्हा कोठे त्यांस सुनेचा आवाज नीट ऐकू आला.

बाईंनी पदर खोचिला. आधी काहीच न करणे हेच काम, ऐसे बोलोन त्यांनी पाऊण तास इंजिन निवू दिले. हैबतरावांची चुळबूळ चालली होती. ते बोलिले, "अगं, पावणेदहा झाले." बाई बोलिल्या, "होऊ देत. गरम इंजिनात गार पाणी ओतलंत तर इथंच तडकेल, मग पुढच्या जत्रेलाही पोहोचणार नाही." मग इंजिन निवल्यावर त्यांनी जाड फडक्याने टाकीचे टोपण हळूहळू सोडिले, आत पाहिले तर टाकी कोरडी. मग पाइप चाचपिला आणि चीर हातास लागली. तेव्हा त्यांनी विचारिले, "हे आजचं नाही. दोन महिने गळत असणार. मग दिवा कसा लागला नाही? पाणी कोण घालत होतं?"

हैबतराव मान खाली घालून बोलिले, "मी. रोज संध्याकाळी." मग मागील बैठकीवर आबासाहेबांनी मुखवट्यावरील हात न काढता एक बोट तेवढे वर केले. बाईंनी त्या बोटाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि त्यांस हसू आवरेना. इतके दिवसांची ओल कशाची ते कळिले म्हणूनही जीव हलका जाहला असेल.

मग टोपलीतील फळे कापावयाची सुरी घेऊन त्यांनी पाइपाचे चिरलेले टोक दोन बोटे कापिले, पाइप ओढोन पुन्हा नळीवर चढविला आणि पट्टीचा स्क्रू ओटीतील रुपयाने घट्ट आवळिला. हैबतराव अभिषेकाचे तीर्थ ओतावयास निघाले, त्यांस दटाविले. पिण्याच्या बाटल्या आणि जवळील झऱ्याचे पाणी मिळोन टाकी खुणेपर्यंत भरिली, इंजिन सुरू केले, बुडबुडे निघोन जाऊ दिले, पुन्हा भरिले आणि टोपण लाविले. पाइप कोरडा राहिला. लाल दिवा विझला. तिघांचाही जीव भांड्यात पडला. बाई बोलिल्या, "हे साधं पाणी आजच्यापुरतं. उद्या जुनं सगळं काढून नवं कूलंट आणि नवा पाइप. आणि गाडी मी चालवते. चढावर इंजिनाला कसं जपायचं ते मला ठाऊक आहे." हैबतरावांनी किल्ली दिली.

घाट उतरताना हैबतराव हळूच बोलिले, "तू बोललीस ते कोणी ऐकलंय? आपण तिघंच होतो." बाई बोलिल्या, "चौघं होतो." आणि मागे रुप्याचा मुखवटा उन्हात चमकत होता.

नगारजी टिपऱ्या उचलोन उभा असता मोटार राउळी पोहोचली. थोरल्या पातीच्या गोदूआक्का, वय पंच्याऐंशी, पायरीवर बसलेल्या होत्या. दोन्ही पातींत त्या वडील, म्हणून मान कोणाचा हे ठरविणे त्यांच्या तोंडी. त्यांनी दरसालाप्रमाणे विचारिले, "मौन राहिलं का?" बाई पुढे होऊन बोलिल्या, "नाही आक्का. घाटात मोडलं. हे गरम टाकी उघडत होते, भाजले असते. मी ओरडले." सभोवार कुजबूज उठली. तोच आबासाहेबांनी मुखवटा पाटावर ठेविला आणि त्यांचे पहिले शब्द हे, "मौन तिनं मोडलं नाही, मी मोडायला लावलं. गाडी मी ठोकली आणि मी लपवलं." थोरलीचे लोक मान आला म्हणोन उठोन उभे राहिले.

गोदूआक्का उठल्या नाहीत. त्या बोलिल्या, "काय शब्द बोललीस?"

"हात लावू नका, भाजाल. एवढंच."

आक्का बोलिल्या, "मुखवटा मीपण आणलाय, बैलगाडीतून. एका वर्षी चढावर बैलांचा पाय घसरला. धाकटे भावजी चाकाला दगड लावायला वाकलेले. चाक मागं येतंय ते मला वरून दिसत होतं. मी बोलले नाही. मान राहिला. भावजींचा पाय गेला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, की बाईनं आवाज काढला नाही." मग त्यांनी इंदुमतीबाईंचा काळा, ग्रीस लागलेला हात आपल्या हातात घेतला. "चाळीस वर्षं मी तोच आवाज गिळून बसले होते गं. तू काढलास, बरं झालं. उचला पालखी."

नगारा जाहला. थोरलीचे लोकांनीच पालखीस पहिला खांदा दिला. आक्का पायरीवर बसोन रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि इंदुमतीबाई त्यांचेजवळ बसोन राहिल्या, पालखी दिसेनाशी होईतोवर.

येणेप्रमाणे मान राहिला, तोंड वाचले, पाइप नवा आला. मौनाचे कलम कायम आहे, परंतु त्यात माणसाचा जीव वाचविण्याचे बोल धरू नयेत ऐसे दोन्ही पातींनी ठरविले. आणि चौथे कलम वाढले, की मुखवटा उचलण्यापूर्वी घरच्या सुनेने मोठ्याने विचारावे, "टाकी पाहिली?" आणि घरच्या सर्व पुरुषांनी खरे उत्तर द्यावे. मजकूर संपला.