अर्ध्या डोक्याची संमती

पाटी सकाळीच लागली होती. आरशाच्या वर, जिथे आजवर न्हाव्याच्या वडिलांचा फोटो होता, तिथे. फोटो टॉवेलांच्या कपाटावर गेला होता आणि तिथून वडील नाराज दिसत होते.

१. मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या केसांना हात लावला जाणार नाही.

वडिलांच्या काळात पोरांचे केस कापणं चार मिनिटांचं काम होतं, रडणं धरून. खुर्चीच्या हातांवर फळी टाकायची, फळीवर पोरगं बसवायचं, मोठं माणूस म्हणायचं ‘बारीक’, की संपलं. पण शाळेनं आता ‘मुलांचं ऐकणारं दुकान’ म्हणून पिवळा तारा द्यायला सुरुवात केली होती. समोरच्या सलूनच्या काचेवर तो चिकटला त्या दिवसापासून न्हाव्याच्या फळीवर धूळ बसत होती. आज शाळेच्या बाई त्याचं दुकान तपासायला वही घेऊन बाकावर बसल्या होत्या. तारा त्यांच्या पर्समध्ये होता.

तेवढ्यात एक आजोबा सात वर्षांच्या नातवाला घेऊन आले, त्याला फळीवर चढवलं आणि म्हणाले, “बारीक.”

न्हावी वाकला. “तुला कसे हवेत रे, बाळा?”

“त्याला काय विचारता?” आजोबा म्हणाले. “लांब केसांनी डोकं तापतं. शोभतही नाही. आणि केस काय, परत येतील.”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. न्हाव्यानं घाईनं आरशाच्या वर बोट दाखवलं.

“आजोबा, जरा पाटी वाचा ना.”

आजोबांनी चष्मा शोधेपर्यंत नातवानं वाचून टाकली, सगळी. मग तो उदारपणे म्हणाला, “बारीक चालेल.”

न्हाव्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं मशीन लावलं, उजव्या कानामागून वर नेलं, ती बाजू साफ करत टाळूपर्यंत आला आणि

२. मूल कधीही ‘थांबा’ म्हणू शकतं.

“थांबा,” नातू म्हणाला.

त्यामुळे वरचं वाक्यही तिथेच राहिलं. डोक्याच्या उजवीकडे माळरान, डावीकडे जंगल.

“लागलं का रे?”

“नाही. पाटीवर लिहिलंय म्हणून म्हटलं.”

“बरं. मग पुढे करू?”

“विचार करतो.”

विचार दहा मिनिटं चालला. दारात आलेल्या एका गिऱ्हाइकानं ते अर्धं डोकं पाहिलं, ‘नंतर येतो’ म्हटलं आणि तडक समोरच्या सलूनमध्ये शिरलं.

“याला असा घरी नेला तर सूनबाई मला दारातून आत घेणार नाही,” आजोबा कळवळले. “बाई, तुम्ही तरी सांगा याला.”

“मी फक्त बघायला आलेय,” बाई म्हणाल्या.

“आधी आजोबांचे कापा,” नातवानं निकाल दिला. “मग माझे.”

आजोबा कुरकुरत शेजारच्या खुर्चीत बसले. न्हाव्याच्या जिभेला आता वळणच लागलं होतं.

“तुम्हाला कसे हवेत, आजोबा?”

“बा...” म्हणून आजोबा अडकले. पासष्ट वर्षं ते बारीक म्हणत आले होते. त्याआधी त्यांचे वडील म्हणायचे. विचारलं कुणीच नव्हतं. ते आरशाजवळ झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “पुढे एक बट ठेवता येईल? जराशी वळलेली. लहानपणापासून मनात होतं.”

पुढे माल फारसा नव्हता, पण सात-आठ केस कामाला येण्यासारखे होते. न्हाव्यानं कंगवा उचलला.

“त्यांना काय विचारता?” फळीवरून आवाज आला. “डोकं तापतं. शोभतही नाही. बारीक करा. केस काय, परत येतील.”

“माझे नाही रे येत आता,” आजोबा पुटपुटले.

न्हाव्यानं पाटीकडे पाहिलं. आजोबांबद्दल तिच्यावर एक अक्षर नव्हतं. होतं ते एवढंच:

३. इथे मुलांचं ऐकलं जातं.

बाईंचं पेन वहीवर टेकलं होतं. न्हाव्यानं डोळे मिटल्यासारखं केलं आणि आजोबांच्या डोक्यावरून मशीन फिरवलं.

नातू शब्दाचा पक्का. त्यानं लगेच डावी बाजू पुढे केली. बाईंनी काचेवर तारा लावला, पिवळाधमक. न्हाव्यानं तो तीनदा आतून आणि दोनदा बाहेरून पाहिला.

आजोबा दारात रेंगाळले. बट जिथे असती तिथे त्यांचा हात फिरत होता.

“बाई,” ते म्हणाले, “असा तारा आजोबांसाठी निघतो का हो? रंग कुठलाही चालेल.”