शकूमावशींचा मंगळवार

शकूमावशी आधी बाकावर बसून बघतात आणि मग ठरवतात, डोंगर चांगला आहे की नाही.

मी थट्टा करत नाही. अटलांटाच्या उत्तरेला दोनेक तासांवर डोंगर लागतात, त्यात एक नावाजलेला धबधबा आहे. लोक लांबलांबून येतात, तोंडात बोटं घालतात, फोटो काढतात. मावशी तिथे गेल्या, धबधब्याकडे पाठ करून एका बाकावर बसल्या, उठल्या, दुसऱ्यावर बसल्या आणि निकाल दिला, "धबधबा बरा आहे. पण बाकाला पाठ नाही. रद्द."

"पण मावशी, जायचं ते धबधबा बघायलाच ना?"

"तो बघून होते दोन मिनिटांत. मग काय करायचं, बाप्पा? सत्तरीची माणसं आहेत. पाठ टेकायला नको?"

ही सत्तरीची माणसं म्हणजे आमचे आईवडील. आम्ही अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहणारी, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी मंडळी. आमचे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. पहिला आठवडा कौतुकात जातो. मग आम्ही ऑफिसला, नातवंडं शाळेत आणि ही माणसं घरात. रस्त्यावर माणूस दिसत नाही. चालत जावं तर दुकान नाही, गाडी चालवता येत नाही. दुपारी पोस्टमन येतो, तोही गाडीतून न उतरता पत्रपेटीत कागद टाकून जातो.

या माणसांना दर मंगळवारी आपल्या भल्यामोठ्या व्हॅनमध्ये घालून कुठेतरी नेऊन संध्याकाळच्या आत परत आणणं, हा शकूमावशींनी स्वतःहून अंगावर घेतलेला उद्योग. त्या मूळच्या नागपूरच्या. चाळीस वर्षं इथे काढली, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली, रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. भाचरं वाढवली, ती आता कॅलिफोर्नियात असतात.

मंगळवारच का, तर त्याचंही शास्त्र आहे. "शनिवार-रविवारी पोरं नेतात, नाहीतर नेतो म्हणतात. सोमवारी त्याचा राग असतो. मंगळवारी माणूस मोकळा होते."

प्रत्येक जागा त्या आदल्या शनिवारी एकट्या जाऊन तपासून येत. सावली कुठल्या बाजूला पडते, पार्किंगपासून चढ किती, हे सगळं स्वतःच्या उजव्या गुडघ्याला विचारायचं. "माझा गुडघा म्हणजे मीटर आहे. तो बोलला की पुढे जायचं नाही." स्वच्छतागृहांवर तर त्यांचा डोळा फार. एक छान तळं त्यांनी पहिल्याच फेरीनंतर केवळ एवढ्यासाठी बाद केलं, की तिथला फ्लश आपोआप व्हायचा आणि माणूस उठायच्या आत व्हायचा. "साताऱ्याच्या एक काकू किंचाळत बाहेर आल्या न! अर्धा दिवस पाणी प्यायल्या नाहीत."

व्हॅनचे नियम होते. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पुढची सीट. डबा आणायचा, पण चढाओढ नाही. कुणी पुरणपोळ्या आणल्या तर पुढच्या खेपेला त्यांच्याकडे फक्त चटणी. आणि सुनांविषयी जे काही बोलायचं ते परतीच्या वाटेवर. हा नियम सगळ्यात धूर्त. परतीच्या वाटेवर सगळे पेंगत असत, त्यामुळे सुना आपोआप वाचत. आम्हा सुनांनी त्यांचा जाहीर सत्कार करायला हरकत नव्हती.

माझी आई सांगलीहून एप्रिलमध्ये आली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आई एकटी राहायला सरावलेली. पण सांगलीतलं एकटं राहणं म्हणजे दूधवाला, पेपरवाला, समोरच्या वहिनी आणि भिशीच्या बायका. इथलं एकटेपण तिच्या ओळखीचं नव्हतं. तिनं माझं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. एकदा आवरून झालं, मग उलटं आवरलं. हळद कुठे आहे हे मला माझ्याच घरात विचारावं लागायला लागलं. एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "मंजू, माझं तिकीट अलीकडचं करून मिळेल का गं?"

त्याच आठवड्यात मावशींचा फोन आला. "आई आली म्हणे तुझी. मंगळवारी सकाळी दारात उभी ठेव. साडी चालते, सँडल चालत नाही. बूट घाल तिला."

आई बूट घालणार नव्हती. मग माझे जुने स्नीकर्स घातले. साडी, स्नीकर्स आणि ऊन लागेल म्हणून सांगलीहून आणलेली छत्री, अशा थाटात ती व्हॅनच्या पुढच्या सीटवर चढली. मी ऑफिसला जाताना मनात म्हटलं, आता संध्याकाळी ऐकायचंय.

संध्याकाळी आई भराभर बोलत होती. डोंगराकडे जाताना रस्त्याकडेला एक म्हातारा मोठ्या पातेल्यात भुईमुगाच्या शेंगा उकडून विकत होता. इथे सगळीकडे विकतात. व्हॅन थांबली, सगळे उतरले, आणि त्या म्हाताऱ्यानं शकूमावशींना टोपी काढून नमस्कार केला. "एवढं विमानात बसून येऊन उकडलेल्या शेंगाच खायच्या, तर सांगलीत काय कमी होत्या?" आई म्हणाली. मग पर्समधून अर्धी रिकामी पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. "मीठ मात्र बरोबर घातलंय हं त्यानं."

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. सफरचंदांच्या बागा झाल्या, सोन्याच्या जुन्या खाणी झाल्या, शेजारच्या राज्यातल्या चॅटनूगाची नदी झाली. काय पाहिलं म्हणून विचारलं तर आईला धड सांगता यायचं नाही. कोण काय बोललं ते मात्र सगळं पाठ. हळदही एका जागी राहायला लागली.

ऑगस्टमध्ये मावशींनी सगळ्यांना फोन केला. "गाडीचं काम निघालं. काही मंगळवार रद्द."

आम्ही "बरं" म्हटलं. गाड्यांची कामं निघतात. मी एकदा फोन केला, उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा केला, मग ऑफिसात माझा सॉफ्टवेअरचा रिलीज आला आणि राहून गेलं. आई मात्र रोज विचारायची, "गाडीचं काम इतके दिवस चालतं होय इथं?"

"अगं, पार्ट मिळत नसेल."

"पार्ट," आई म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मग एका मंगळवारी मी मीटिंगमध्ये असताना फोन थरथरला. आमच्या दारावर बेलचा कॅमेरा आहे, दारात कुणी आलं-गेलं की फोनवर दिसतं. बघते तर आई. साडी, स्नीकर्स, छत्री, हातात पिशवी. तिनं चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणला, म्हणजे मला फक्त कपाळ आणि पांढरे केस दिसले, आणि मोठ्यानं म्हणाली, "मंजू, मी शकूमावशींकडे चाललेय. चालत. भाजी फ्रीजमध्ये आहे."

मावशींचं घर गाडीनं दहा मिनिटांवर. गाडीनं! रस्त्याला धड फूटपाथ नाही, वाटेत एक मोठा चौक, आणि वर ऑगस्टचं ऊन. मी मीटिंग सोडून पळाले. आईचा फोन लावला, तो घरातच राहिला असणार. गाडी हळू चालवत दोन्ही बाजूंना छत्री शोधत गेले. छत्री दिसली नाही. चौकात कुणी नव्हतं. चर्चपाशी कुणी नव्हतं.

मावशींच्या दारात ती व्हॅन उभी होती. वर पाइनच्या काड्यांचा थर साचला होता. आणि उघड्या दारापाशी आईची छत्री वाळत घातल्यासारखी उघडी ठेवली होती.

आत दोघी खिडकीपाशी बसल्या होत्या. आई लालबुंद झाली होती आणि एका मासिकानं वारा घेत होती.

"आई! काही झालं असतं म्हणजे?"

"काय होतंय? चर्च आलं की डावीकडे, पेट्रोल पंप आला की उजवीकडे. पुढच्या सीटवर बसून एवढंही कळणार नाही का मला? एक बाई मात्र गाडी थांबवून सारखी मध विकत होती. 'हनी, हनी' म्हणत होती. मी म्हटलं, नो, थँक यू."

मला हसू आलं आणि त्यामागोमाग रडू यायला लागलं. तेवढ्यात माझं लक्ष मावशींकडे गेलं. पायात चालायचे बूट, केस नीट बांधलेले, बाहेर जायची सगळी तयारी. खुर्ची खिडकीकडे तोंड करून.

"कुठे निघाला होतात का, मावशी?"

"नाही न. मंगळवार आहे म्हणून घातले," त्या म्हणाल्या.

गाडीला काही झालं नव्हतं. लायसन्स नवीन करायला गेल्या तेव्हा डोळे तपासले, तिथून डॉक्टरकडे, आणि डॉक्टरनं गाडी कायमची बंद केली. "मधलं पुसट होऊन राहिलं," मावशी म्हणाल्या. "कडेचं दिसते. आता तुझे कान दिसतात मला, नाक दिसत नाही. कानावरून गाडी कशी चालवू?"

"मग आम्हाला सांगायचं नाही का?"

"सांगून? तुम्ही म्हणाल, मावशी, आम्ही नेतो तुम्हाला शनिवारी. मला माहीत आहे ते शनिवार."

मग त्यांनी सांगितलं, तेही मला नाही, आईला. भावाची मुलं सांभाळायला म्हणून त्या तरुणपणी इथे आल्या. भाऊ आणि वहिनी दोघं डॉक्टर, पहाटे जात, रात्री येत. "वाईट कोणी वागलं नाही हो. चांगलीच होती माणसं. फक्त सगळी कामाला जात." मुलं झोपली की त्या अशाच खिडकीत बसायच्या. गाडी शिकायला कितीतरी वर्षं गेली. पहिल्यांदा एकटीनं चालवली तेव्हा कुठेच गेल्या नाहीत. नुसत्या याच भागात गोल गोल फिरल्या, पेट्रोल संपत आलं तेव्हा घरी आल्या. "वाटलं, आता आपल्याला कोणी कोंडू शकत नाही. पाहा, डोळ्यांनी कोंडलं न शेवटी."

मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं. पण आईनं मासिक खाली ठेवलं.

"शकू," ती म्हणाली, "एवढी उन्हातान्हाची चालत आले. अजून पाणीसुद्धा विचारलं नाहीस. ऊठ, चहा टाक."

मी आईकडे बघतच राहिले. या गावात सगळे त्यांना मावशी म्हणतात, साताऱ्याच्या पंच्याहत्तरीच्या काकूसुद्धा. नुसतं शकू म्हणणारं त्यांचं माणूस बहुधा कधीच मागे राहून गेलं होतं. मावशी खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"तुला साखर किती लागते गं?"

"दीड चमचा. आणि आलं असलं तर बघ."

त्या दिवशी मी ऑफिसला परत गेले नाही. माझा नवरा समीर पुढच्या मंगळवारी रजा घेईल, असं मी त्याला न विचारताच सांगून टाकलं. त्यानंही कधी नव्हे ते काही न बोलता घेतली. तो व्हॅन चालवायला, मावशी शेजारी. "समीर, ब्रेक असा मारून राहिलास जसं रस्त्यानं तुला शिवी दिली." एका मंगळवारातच तो घामेघूम झाला. मग आम्ही पाळ्या लावल्या. ज्यांना एरवी एक दिवसाची सुट्टी मिळणं अशक्य असायचं त्यांनाही ती मिळायला लागली, कारण मावशी त्यांना स्वतः फोन करून, सुट्टी कशी मिळत नाही ते विचारायच्या. शनिवारची तपासणी आईकडे आली. मी फक्त ड्रायव्हर. आई बाकावर बसायची आणि मावशी समोर उभ्या राहून परीक्षा घ्यायच्या, "कंबर काय म्हणते? खरं सांग."

ऑक्टोबरमध्ये आई परत निघाली. मावशी आमच्याबरोबर एअरपोर्टला आल्या. तिथे त्यांनी आजवर कितीतरी माणसं सोडली होती. जाणारा प्रत्येक जण त्यांचे हात हातात घेऊन म्हणायचा, पोचल्यावर फोन करतो. मग पोचायचा, आणि त्याचं तिकडचं सगळं सुरू व्हायचं. मावशींना त्याचं वाईट वाटायचं असं कधी दिसलं नाही. मला वाटतं, त्या अशा फोनांचा हिशेबच धरत नसत.

आई फोनबद्दल काही बोलली नाही. "चष्मा पुसत जा," एवढंच म्हणाली आणि एअरपोर्टची व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला इंग्रजीत "गो" म्हणाली.

गेल्या रविवारी सकाळी मी मावशींना फोन केला. एंगेज. म्हटलं, तोवर आईशी बोलावं. तिकडे संध्याकाळ असते. तिचाही एंगेज. चहा झाला, अंघोळ झाली, पुन्हा लावले. दोन्ही एंगेजच. दुपार होत आली तेव्हा कुठे आईचा लागला.

"एवढं काय बोलत होता गं दोघी?"

"बोलत कुठं होतो?" आई म्हणाली. "ती तिकडं मेथी निवडत होती, मी इकडं वाती करत होते. फोन आपला नुसता चालू होता."