बायकोच्या बाजूची गाडी

गाडी नुसती बघून यायची, असं ठरवून मी गेलो होतो. बघितली आणि घेऊनच आलो. (रुमाल घ्यायला जाऊन सुटकेस घेऊन येणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मीच.)

आमच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळणाऱ्या सहकाऱ्याच्या मेव्हण्यानं ती दाखवली. फिकट पिवळा रंग, टपावर मधोमध एक गडद चौकोन, मागच्या काचेवर काहीतरी खरवडून काढल्याच्या खुणा. मी मुळात संशयी. अठरा वर्षं लोकांचे अर्ज तपासतोय; समोरच्यानं स्वतःचं नाव सांगितलं तरी मी पुरावा मागतो. त्यामुळे मी खडसावून विचारलं, "पूर्वी कुणाची होती?"

"एका मास्तरांची," मेव्हणा म्हणाला. "शिकवण्यात हयात गेली त्यांची. शिस्तीतली गाडी आहे, साहेब."

मास्तरांची गाडी म्हटल्यावर मी विरघळलो. माणसाची चौकशी करावी ती अशी, म्हणून स्वतःवर खूशही झालो.

लायसन्स मला नुकतंच मिळालं होतं, तिसऱ्या खेपेला. (पहिल्या दोन वेळा परीक्षकांशी मतभेद झाले.) पहिल्या रविवारी बायकोला शेजारी आणि मुलीला मागं बसवून मी निघालो. चौकात एक आजोबा रस्ता ओलांडत होते. ब्रेक मारावा, असा विचार माझ्या मनात येत होता. (मला विचार यायला थोडा वेळ लागतो.) तेवढ्यात माझा पाय पोचायच्या आत ब्रेकचं पेडल आपणहून खाली गेलं आणि गाडी थांबली. आजोबांनी हात वर करून माझे आभार मानले.

"काय छान थांबवलीत हो!" बायको म्हणाली.

मी "हं" म्हणालो. आणि पाय गुपचूप ब्रेकवर नेऊन ठेवला.

पुढं हे रोजचंच झालं. वळणावर वेग कमी व्हायचा, तो मी केलेला नसायचा. गिअर बदलताना क्लच माझ्याआधी खाली जायचा. खालचं पेडल एखाद्या अदृश्य माणसानं दाबावं तसं हळूच दबायचं, आणि मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहायचो. खाली वाकून बघायची माझी हिंमत नव्हती.

त्याच आठवड्यात मुलीनं टीव्हीवर एक सिनेमा लावला. त्यातल्या गाडीला मन होतं. राग, लोभ, रुसवे, सगळं. आवडत्या माणसासाठी ती जीव टाकायची, नावडत्याला दारसुद्धा उघडायची नाही. मुलगी हसून लोळत होती. माझ्या हातातला चहा मात्र गार झाला.

मग मी पाळत ठेवली. आठ दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. मी एकटा असलो की गाडी मला काडीची मदत करत नाही. एकटा असताना मी आमचं फाटक, दोन कुंड्या आणि शेजाऱ्यांची भिंत (दोनदा, भिंत तीच) यांना धडकलो. बायको शेजारी असली की तीच गाडी गरीब गायीसारखी वागते. एकदा घराच्या खिडकीतून पाहिलं, तर बायको गाडीत शेजारच्या सीटवर एकटीच बसून खाली बघत होती आणि स्वतःशी हसत होती. मी खाली आल्यावर तिनं घाईघाईनं भाजीची पिशवी पायाशी ठेवली. ती पिशवी कायम तिथंच असायची. रिकामी असली तरी.

शेवटी मी सरळ आरोप केला. "ही गाडी तुझ्या बाजूची आहे."

ती दचकली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? मला कळत नाही का?"

"बरं झालं बाई, कळलं ते," ती सुटल्यासारखी म्हणाली. "मी म्हटलं, उगाच तुमचं मन दुखेल. मग चालू दे ना असंच?"

"चालू दे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गाडीशी भांडलो आणि तिनं मला भर रस्त्यात उतरवलं तर?

आणि नेमकी अशात साहेबांची गाडी बिघडली. अकरा वाजता मुख्य कार्यालयात त्यांची मीटिंग. त्याच मीटिंगमध्ये आमच्या विभागाचा हेडक्लार्क कोण, हेही ठरणार होतं. सगळे जण छताकडे बघत असताना मी पुढं झालो. "साहेब, माझी गाडी आहे ना!"

मी गाडी ऑफिसच्या फाटकात आणली, साहेब शेजारी बसले. ते वजनदार गृहस्थ, बूटही तसेच. बसताबसता म्हणाले, "वा! पाय टेकायला सोय छान केलीय हो."

"आपली कृपा," मी म्हणालो. (साहेब काहीही बोलले तरी मी हेच म्हणतो.)

इंजिन सुरू झालं. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला. गाडी नुसती गुरगुरली. आणखी दाबला. आणखी मोठ्यानं गुरगुरली, पण जागची हलेना. फाटकात आम्ही आडवे. मागं चार गाड्या, चारही हॉर्न.

मी ओळखलं. रुसली होती.

"चल ना गं," मी हलक्या आवाजात म्हणालो. "आजच्या दिवस ऐक. संध्याकाळी आंघोळ घालीन."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "कुणाला?"

"हिला, साहेब. अनोळखी माणूस बसलेला चालत नाही तिला. ती फक्त माझ्या बायकोचं ऐकते."

साहेब दाराकडे सरकले. अकराला वीस मिनिटं होती. लाज गुंडाळून मी बायकोला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "अगं, गाडी हलत नाहीये. तू बोल तिच्याशी."

मग तिनं विचारलं, "शेजारी कोण बसलंय?"

"साहेब."

"त्यांना म्हणावं, पाय वर घ्या."

साहेबांनी गोंधळून दोन्ही पाय वर घेतले. माझा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच होता. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि समोरच्या टेम्पोकडे झेपावली. साहेबांनी किंचाळून पाय खाली आपटले. गाडी टेम्पोपासून वीतभर अंतरावर जागच्या जागी थांबली.

साहेब हळूच खाली वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा फार शांत होता.

"अहो, इकडंही ब्रेक आहे. क्लचही आहे. ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे!"

म्हणजे मास्तर ते गाडी शिकवणारे मास्तर! टपावरचा चौकोन ही त्यांच्या पाटीची जागा. पेडलांची ही दुसरी जोडी शिकाऊ माणसापासून जगाला वाचवायला बसवलेली होती, आणि गेले तीन महिने बायको माझ्यापासून जगाला वाचवत होती.

"तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा," साहेब म्हणाले. "बाकीचं मी बघतो." आम्ही अकराला दोन मिनिटं असताना पोचलो. हेडक्लार्क आवक-जावकवाला झाला.

घरी आल्यावर मी गरजलो, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. ते आजोबा दिसले आणि माझा पाय आपोआप गेला. तुम्ही किती खूश झाला होतात! सांगवेना मग."

"मलाही माहीत होतं, बाबा," मुलगी म्हणाली. "आईनं शपथ घातली होती."

दुसऱ्या सकाळी मी मेकॅनिकला बोलावलं. "एका गाडीत दोन ब्रेक, दोन क्लच! हा काय पोरखेळ आहे? एक जोडी आत्ताच्या आत्ता काढून टाका!"

बायकोनं अजिबात विरोध केला नाही. तिथंच मला संशय यायला हवा होता.

मेकॅनिकनं आधी गाडीच्या पुढच्या बाजूचे पोचे बघितले, मग माझ्याकडे, मग बायकोकडे बघितलं. पाना घेतला, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि खाली वाकला.

"स्टिअरिंग तेवढं राहू द्या हं," बायको त्याला म्हणाली. "हौस आहे त्यांना."