टी-जोडानंतरचा संशय

टाकीपाशी दाब: ठीक.
जिन्यातल्या नळीत: ठीक.
टी-जोडानंतर, म्हणजे एका नळीच्या जिथे दोन होतात तिथून पुढे, शॉवरपाशी: निम्मा गायब!

इंजिनिअरने दाबमापकाला टिचकी मारली. काटा ढिम्म. नळ्यांच्या कुठल्या जोडात किती दाब खर्ची पडतो, हे सांगणारं त्याचं मॉडेल आजच साहेबांकडे जायचं होतं. साहेबांनी बजावलं होतं, "आधी घरच्या नळाशी जुळवून दाखवा." नाही जुळलं, तर तीन वर्षांची मेहनत कपाटात.

कोणीतरी दाब खात होतं.

संशयित पहिला: वरच्या मजल्यावरचे काका.

"काका, गुपचूप पंप बसवलाय का?"

"अरे, मला साधा बल्ब बसवता येत नाही, पंप कसला बसवतोय!"

तरी इंजिनिअरने त्यांच्या बाल्कनीत डोकावून घेतलंच.

संशयित दुसरा: प्लंबर.

"जोडात काय कोंबलंयस?"

"साहेब, तुमच्यासमोर बसवला. टॉर्च तुम्हीच धरला होता."

"धरला होता. पण मध्ये मला शिंक आली होती."

प्लंबरने निमूटपणे जोड काढला आणि डोळ्याला लावला. "घ्या! आरपार तुमचं तोंड दिसतंय."

संशयित तिसरा: खुद्द टी-जोड. दुसरं उरलंच कोण? इंजिनिअरने मॉडेलमध्ये त्या जोडाचा अडथळा तिप्पट केला. आकडे चपखल बसले. अहवाल साहेबांना रवाना.

"एवढासा जोड, पण काय लबाड!" जेवताना त्याने बायकोला सांगितलं.

"कुठला जोड? अहो, वॉशिंग मशीनमागचा शॉवरचा कॉक मीच अर्धा बंद केलाय. तुम्ही शॉवरखाली विचार करत उभे राहता तासभर. टाकी रिकामी होते."

घास हातातच राहिला. "कधीपासून?"

"झाला असेल महिना."

महिनाभर त्याने टी-जोड नव्हे, बायको मोजली होती. साहेबांना सगळं कबूल करायला तो फोनकडे धावला, तोच फोन वाजला.

"कमाल केलीत!" साहेब ओरडत होते. "माझ्या बाथरूममध्ये मोजून आलो आत्ताच. तुमचा आकडा तंतोतंत! मॉडेल मंजूर!"

इंजिनिअरने फोन ठेवला आणि सावकाश बायकोकडे वळून पाहिलं.

"साहेबांच्या मिसेसना तू..."

"मग? त्यांचंही तेच दुखणं." तिने त्याला भाजी वाढली. "म्हटलं, अर्धाच फिरवा. पूर्ण फिरवला की यांना संशय येतो."