गजभियेकाकांची हातोडी

गजभियेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा नमस्कार करण्याआधी त्यांनी माझ्या खुर्चीच्या पायावर हातोडी मारली. कान लावला आणि म्हणाले, "ताई, ही सिक आहे जी. बसू नका."

मी मुद्दाम बसले. तिसऱ्या दिवशी खुर्ची मोडली आणि मी फरशीवर आपटले.

पुढच्या वेळी मी आधीच बजावलं, "माझ्या गुडघ्याला हातोडी लावलीत तर बघा."

"गरज नाही जी," ते म्हणाले. "चालताना ऐकू येते."

या माणसाने सारा जन्म अजनीच्या रेल्वे यार्डात काढला. गाडी थांबली की एकेका चाकावर हातोडी मारत जायचं. धड चाक टणण वाजतं, तडा गेलेलं भद्द. तशा डब्यावर खडूने 'सिक' लिहायचं, म्हणजे तो बाजूला काढतात. बाकीचे 'फिट'. निवृत्त झाल्यावर मुलगी सुनीता त्यांना इकडे न्यू मेक्सिकोत घेऊन आली, आमच्या शेजारच्याच घरात. इथे आसपास रेल्वे नाही. झाडं आहेत.

झाडं म्हणजे पिन्योन. पाइनचीच बुटकी, गाठाळ जात, कोरड्या टेकड्यांवर विखुरलेली. बिया आपल्या चिलगोज्यासारख्या.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यापर्यंत पाऊस असा झालाच नव्हता. तहानलेल्या खोडांत किडे शिरले. काका रोज सकाळी रानात जात, खोडावर हातोडी मारत, कान लावत आणि चांगल्या हिरव्या झाडावर 'सिक' लिहून पुढे जात. मी हसायची. पण काही आठवड्यांत नेमकं तेच झाड विटेसारखं लाल होई. एकही चुकलं नाही. मग मी हसायचं सोडलं. समोरची अमेरिकन बाई तर काका दिसले की दार लावून घेऊ लागली.

एकदा मीही खोडाला कान लावला. आत कुणीतरी हळूहळू दात खात होतं. करकर, करकर. बाहेर सगळी टेकडी गप्प.

"पक्षी कुठे गेले हो सगळे?"

"त्यांना आधी कळते," काका म्हणाले. "मले मागून."

झाडं तोडणारा रेमंडही आधी हसला होता. आता तो काकांचा खडू बघूनच करवत चालवी. देवनागरीतला तेवढा एकच शब्द त्याला ओळखू येई.

सुनीताच्या अंगणातल्या पिन्योनला मात्र काकांनी कधी हातोडी लावली नाही. वळसा घालून जात. त्याच्या खोडावर डिंकाचे फोड आलेले मला दिसत होते. काकांची बायको मंदा त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसे, दातांनी बिया फोडत. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात ती गेली. टरफलं अजून तिथेच पडली होती.

"बाबा, रेमंड सोमवारी येतोय," सुनीता म्हणाली. "हे झाड चेक करून ठेवा. सिक असेल तर कट करावंच लागेल."

काका हातोडी घेऊन झाडाला वळसा घालू लागले. शेवटी मीच म्हटलं, "वाजवा की! जन्मभर दुसरं काय केलंत?"

त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. "तुम्ही मारा, ताई."

मी मारली. भद्द. बहिऱ्यालाही कळलं असतं.

काकांनी खोडाला कान लावला. मग मला खुणेने जवळ बोलावलं.

"ऐका. अशीच फोडायची ती."

करकर, करकर. काकांनी खिशातून खडू काढला आणि खोडावर लिहिलं, 'फिट'.

"उभ्या नोकरीत खोटा फिट दिला नाही जी," ते म्हणाले आणि घरात निघून गेले. हातोडी माझ्याच हातात राहिली.

सोमवारी रेमंड आला. नवा शब्द बघून डोकं खाजवत त्याने मला विचारलं, काय लिहिलंय? मी तोंडावर बोलणारी बाई.

"गुड," मी म्हटलं.

महिनाभरात झाड लाल झालं. रेमंड झाड बघे, अक्षरं बघे आणि निघून जाई. मग एकदाचा पाऊस आला आणि खडू धुऊन गेला. काका तापाने पडले होते आणि रेमंडची गाडी टेकडी चढताना दिसत होती.

मी खडू घेऊन गेले. 'फिट' ही दोन अक्षरं लिहिण्याइतकी शाळा मी शिकले आहे.