काशम्मांच्या अंगणवाडीची प्रगती

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीतल्या अंगणवाडीत बावीस मुले खेळून झाल्यावर खेळणी स्वतःहून जागेवर ठेवत असत. सेविका काशम्मा दोन वर्षे त्यासाठी खपल्या होत्या. बाहुलीचा हात सैल झाला तर चिंधीची पट्टी बांधायलाही मुले शिकली होती. ही बाब गंभीर आहे, हे बालशिस्त अभियान सुरू होईपर्यंत कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

अभियानात दोन फोटो अ‍ॅपवर टाकायचे होते: आधीचा पसारा आणि नंतरची टापटीप. दोन्हींतला फरक म्हणजे प्रगती. काशम्मांची प्रगती शून्य आली.

पर्यवेक्षिका उत्कर्षा मॅडम तातडीने चौकशीला आल्या.

"पसारा कुठाय?"

"पोरं आवरत्यात की, मॅडम. पसारा ऱ्हातच न्हाय."

"मग सुधारणा कशात दाखवायची? शून्य प्रगतीला नोटीस निघते, काशम्मा."

नोटिशीचे नाव ऐकून काशम्मांनी डोळे मिटून खेळण्यांची टोपली उपडी केली. मॅडम मोबाइल सरसावेपर्यंत चार वर्षांच्या ऋतुजाने सगळे पुन्हा टोपलीत भरले होते. असे तीनदा झाले.

"बाळ, आधी पसरायचं असतं," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

"बाहुलीला लागंल की," ऋतुजा म्हणाली आणि रडू लागली.

सबब रोज अर्धा तास पसारा-सराव ठेवण्यात आला. पंधरा दिवसांत एकवीस मुले खेळणी छपरापर्यंत भिरकावू लागली. ऋतुजाच्या नावापुढे 'आकलन कमी' असा शेरा पडला. बाहुलीचा हात निखळला, तेव्हा काशम्मांनी ती गुपचूप घरी नेऊन शिवली. प्रगती अठ्ठ्याण्णव टक्के झाली. तालुक्यात पहिला नंबर!

सत्काराला सभागृह भरले. लहानपणीच्या संस्कारांवर पाहुणे पाऊण तास बोलले, आणि त्यानंतर चहा झाला. ऋतुजा खुर्च्यांखाली वाकून कागदी कप गोळा करू लागली. तिचे वडील बसलिंगप्पा टॉवेलच्या कारखान्यात कामाला. चार लोकांत त्यांना ओशाळल्यासारखे झाले.

"ठेव गं तितं. उचलायला माणसं असत्यात."

"कुटं हायत?" छातीशी कप धरून तिने विचारले.

बसलिंगप्पांनी सभागृहभर नजर फिरवली. तुमच्याआमच्यासारखी तीनशे माणसे होती. आपापला कप खुर्चीखाली सरकवून दाराकडे निघालेली.